बालीच्या बदल्यात शिवनसमुद्र

बालीला जाऊन आलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्याकडे स्वतःचेच फोटो एवढे असतात की दुसऱ्याचं ऐकायला सवड नसते. मी लिहिते आहे ते अशांसाठी, ज्यांना समुद्रातलं बेट कबूल करून ऐनवेळी नदीतलं बेट दाखवलं जातं, तेही सकाळी नेऊन संध्याकाळी परत.

मी चामराजपेटेतली. आमच्या घराण्याने बंगळुरात बस्तान कधी बसवलं ते माझ्या सासऱ्यांनाही धड सांगता येत नव्हतं. गल्लीत लहानथोर सगळे मला अक्का म्हणतात. माझ्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याकडची माणसं मी बोलायला लागले की मान जरा तिरकी करून ऐकतात. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे केदार आणि ऋचा तसलेच, पुण्याचे. दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांची इरा अजून नीट बोलतही नाही. इतकी वर्षं या गावात काढून केदारला कन्नडमधलं एकच वाक्य येतं, आपल्याला कन्नड येत नाही हे सांगणारं. तेवढं मात्र तो झोकात म्हणतो.

संक्रांत झाली आणि केदारची आई आली, कुंदाताई. आली म्हणजे बोलावून घेतली. इराचं पाळणाघर बंद पडलं होतं, म्हणून पुण्याला फोन गेला, 'आई, थोडे दिवस ये, तेवढाच हवापालट.' हवापालट असा, की इराला भरवणं, फिरवणं, झोपवणं, उठली की पुन्हा भरवणं. पुण्यात या बाई रोज पहाटे मैत्रिणींबरोबर टेकडी चढायच्या, साठी ओलांडल्यावर स्कूटर शिकल्या होत्या आणि गावभर हिंडायच्या. इथे त्यांचं हिंडणं म्हणजे इराची ढकलगाडी घेऊन आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत.

दुपारी मात्र इरा झोपली की कुंदाताई खाली माझ्याकडे यायच्या. आता हे सांगायलाच हवं. आमचे हे गेले, मुलगा आनेकलला कारखान्याजवळ राहायला गेला, सून कन्नड, नातू मला कन्नडमध्येच उत्तर देतो. मराठी बोलायचं ते देवाशी आणि दुधावर टपलेल्या मांजराशी. अशात कुंदाताई आल्या. त्या माझ्या मराठीला हसायच्या, मी त्यांच्या चहाला. घेवडा निवडता निवडता आम्ही दोघींनी सबंध जगाचे वाभाडे काढले. मला त्या हव्याहव्याशा झाल्या होत्या, यात लपवण्यासारखं काही नाही.

तर बाली. पाडव्याच्या सुट्टीला आईला बालीला नेतो, असं केदारने कबूल केलं होतं. कुंदाताईंनी गुडघ्याला तेल चोळायला सुरुवातही केली. मग ऑफिसने रजा नाकारली म्हणे. आणि एका संध्याकाळी केदार खाली आला, सोफ्याच्या अगदी कडेवर बसला.

"अक्का, रविवारी तुम्ही फ्री आहात?"

"मला काय, रोजच रविवार."

"शिवनसमुद्रला जाऊ या. आयलंड आहे, वॉटरफॉल आहे. बालीला तरी दुसरं काय असतं? आणि एका दिवसात होतं, हॉटेल नको, व्हिसा नको." त्याने फोनवर व्हिडिओ दाखवला. नदी डोंगरावरून नुसती कोसळत होती. वर लिहिलं होतं, बंगळूरजवळचं बाली. "तुम्हाला कन्नड येतं, म्हणजे आमची सोयच."

म्हणजे मी दुभाषी. मला वाटलं काम एवढंच असेल. पण तो उठेना.

"आणि आईशी जरा बोलाल? पुण्याचा फ्लॅट काढून टाकायचा आणि तिने कायमचं इथे राहायचं, असं आमच्या मनात आहे. आम्ही म्हटलं तर तिला वाटेल, आम्ही स्वार्थापोटी म्हणतोय."

"मग कशापोटी म्हणताय?"

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं असावं. आमच्यात ही जुनी खोड आहे बघा, पुण्यात असो की चामराजपेटेत. मुख्य गोष्ट कुणी तोंडावर विचारायची नाही. मध्ये तिसरं माणूस घालायचं, लांब कुठेतरी न्यायचं, पोटभर खायला घालायचं आणि मग विषय काढायचा. मुलगी बघण्यापासून वाटणीपर्यंत सगळं असंच. त्यात यावेळी तिसरं माणूस मी. मी "सरी" म्हटलं, म्हणजे आपलं 'बरं'. अगदी खुशीत म्हटलं, कारण कुंदाताई राहिल्या तर सगळ्यात जास्त फायदा माझाच होता.

मद्दूर

निघालो तेव्हा गाडीत पुढे केदार-ऋचा आणि मागे आम्ही तिघी. तिघींतली इरा सिंहासनासारख्या खुर्चीत, पट्टे बांधून, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या उरलेल्या जागेत मांडीला मांडी लावून. कुंदाताईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. ऋचाने सगळ्यांसाठी टोप्या आणल्या होत्या, बालीसाठी घेतलेल्या, फुलाफुलांच्या. मी नऊवार कधी सोडलं ते आठवत नाही, पण त्या टोपीत आरशात बघितलं आणि नऊवारच बरं होतं असं वाटलं.

नव्या रस्त्याची एक गंमत आहे, त्यावर गावं लागतच नाहीत. पूर्वी म्हैसूरला जाताना बिडदीची ताटाएवढी इडली खाल्ल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. आता बिडदी कुठल्यातरी भिंतीपलीकडे राहते. मद्दूरच्या वड्यासाठी मात्र मी हटून बसले. वडा नाही तर दुभाषीही नाही, म्हटलं. केदारने गाडी खाली उतरवली आणि लगेच चुकला. एका सायकलवाल्याला मी रस्ता विचारला. भला माणूस. त्याने रस्ता सांगितला, कुठलं हॉटेल खरं आणि कुठलं नावापुरतं ते सांगितलं, आपली मुलगी बंगळुरात कॉलेजात आहे आणि तिला तिथलं पाणी मानवत नाही हेही सांगितलं. मी सगळं मराठीत करून दिलं.

"अक्का, प्लीज," केदार म्हणाला. "फक्त विचारलं तेवढंच सांगा ना. डावीकडे की उजवीकडे. बाकीचं नको."

"सरी," म्हटलं. हे मी लक्षात ठेवलं.

वडा आला तेव्हा कुंदाताईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. मद्दूर वडा म्हणजे रवा-मैदा-तांदळाचं पीठ आणि भरपूर कांदा, चपटा, कुरकुरीत. "हा वडा? ही तर थालीपिठाची धाकटी बहीण," त्या म्हणाल्या आणि दुसरा मागवला. कॉफीचा पेला बघून मात्र त्यांना राहवेना. "एवढीशी? हे काय तीर्थ आहे का, तळहातावर घ्यायला?"

"पिऊन बघा. तुमच्या चहाच्या पातेल्याला पुरून उरेल."

ऋचाने काहीच खाल्लं नाही. तिचं तेल बंद होतं. तिने वड्याचा फोटो काढला आणि तो कुणाला तरी पाठवला.

मळवळ्ळीच्या पुढे

पुढे खरा मुलूख लागला. तुतीची शेतं, उसाचे फड, करंजाला नवी कोवळी पालवी आणि रस्त्यावर वाळत घातलेली नाचणी, गाड्यांनीच मळून निघावी म्हणून. कुंदाताई काच खाली करून बघत होत्या. तेवढ्यात इरा रडायला लागली, तर ऋचाने मागे न बघताच म्हटलं, "आई, तिला घेता का जरा?" कुंदाताईंनी काच वर केली, इराला मांडीवर घेतलं, आणि तिथून पुढे दिवसभर ती त्यांच्या मांडीवरून उतरली नाही.

मळवळ्ळी सोडल्यावर फोनचा नकाशा रुसला. एका टपरीपाशी थांबलो. चहावाला पिकल्या मिशांचा, लुंगी दुमडून उभा. मी विचारलं, गगनचुक्कीला कसं जायचं. तो आमच्या टोप्यांकडे बघत राहिला आणि मग पुष्कळ बोलला. हात नदीकडे, हात वीजघराकडे, हात आकाशाकडे.

"काय म्हणाला?" केदार.

"सरळ."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढं लांब बोलला, आणि अर्थ एवढाच?"

"एवढाच विचारला होता," मी म्हटलं.

गगनचुक्की

गगनचुक्की हा कावेरीच्या एका फाट्याचा धबधबा. बेटाच्या अलीकडे, दरीच्या काठावर कठड्याशी उभं राहून समोर बघायचं. आम्ही बघितलं. समोर काळा फत्तर होता. लांबरुंद, भव्य, उन्हात तापलेला फत्तर. त्याच्या एका कोपऱ्यातून पाण्याची धार येत होती. आमच्या मोरीचा नळ याहून बरा वाहतो.

कठड्याशी पंचवीसेक जण असेच उभे होते, तसल्याच टोप्या घातलेले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक जण बायकोला सांगत होता की खडकांचा आकार बघ, तो बघण्यासारखा आहे.

केदारने फोन डोळ्यांसमोर धरला. व्हिडिओतला डोंगर आणि समोरचा डोंगर त्याने ताडून पाहिला. झाडं जुळली, कडा जुळला, पाणी सोडून सगळं जुळलं. "अँगल वेगळा असेल," तो म्हणाला.

"केदार, महिना बघितला होतास का?" ऋचाने विचारलं.

"व्हिडिओवर महिना लिहिलेला नसतो गं!"

"पण चैत्र आहे हे तर तुला माहीत होतं ना? परवा गुढी तूच उभारलीस."

मला हसू आवरेना. मी टोपी तोंडावर ओढली. पाट्या टाकणारी माणसं नाहीत ही, मोठमोठ्या कंपन्यांचे कारभार यांच्या बोटांवर चालतात म्हणे. आणि भर उन्हाळ्यात धबधबा बघायला निघताना एकाच्याही डोक्यात आलं नाही की नदीलाही उन्हाळा असतो. केदारने तिथल्या पहारेकऱ्याला विचारायला मला पुढे घातलं. पाणी केव्हा सोडतात? त्याला वाटलं बागेतल्या कारंज्यासारखं बटण असेल. पहारेकरी हसून काही म्हणाला.

"पाऊस पडल्यावर," मी सांगितलं.

भरचुक्की

आता इथवर आलोच आहोत तर बेट तरी बघू, असं ठरलं. जुना दगडी पूल नदीच्या वाळूवर आणि डबक्यांवर उभा होता. बाजूच्या नव्या पुलावरून आम्ही पलीकडे गेलो. बेटावर देऊळ, चिंचा, बकऱ्या आणि दुसऱ्या फाट्याचा धबधबा, भरचुक्की. तिथे पाणी जरा बरं होतं, म्हणजे मोरीच्या दोन नळांइतकं. खाली टोपलीसारख्या गोल नावा पालथ्या घातलेल्या, आणि त्यांच्या सावलीत नावाडी पत्ते खेळत बसलेले.

"बेट मात्र आहे हं," कुंदाताई म्हणाल्या. "त्यात फसवणूक नाही."

तिथेच पुऱ्या गेल्या. केदार 'आईची पहिली आयलंड ट्रिप' म्हणून व्हिडिओ घेत होता, कुंदाताईंनी एका हातात इरा आणि दुसऱ्या हातात डबा धरून हसायचं होतं. एक माकड आलं, त्याने डबा घेतला, झाकण उघडलं आणि आमच्यासमोर बसून नीट एकेक पुरी खाल्ली. केदार ओरडत होता, पण व्हिडिओ बंद करत नव्हता. शेवटी एका बाईकडून तिखटमीठ लावलेली कैरी आणि काकड्या घेतल्या, तेच आमचं जेवण. पोटभर खायला घालून विषय काढायचा बेत होता, तिथे माकडाने पाणी फिरवलं.

तरी केदारने धीर सोडला नाही. "आम्ही जरा खाली खडकांवर जाऊन येतो," म्हणाला, आणि जाताना कुंदाताईंच्या पाठीमागून मला भुवया उडवून दाखवल्या. ऋचाने त्याचा हात धरला. त्या दिवसात पहिल्यांदाच दोघं हसत होती. इरा कुंदाताईंच्या मांडीवर झोपली होती, आणि आम्ही चिंचेखाली बसलो.

"केदारने तुम्हाला माझ्याशी बोलायला सांगितलंय ना?" कुंदाताईंनी थेट विचारलं.

"हो."

"मग बोला की."

मी बोलले. सगळं पाठ केल्यासारखं बोलले. एकटीने पुण्यात कशाला राहायचं, गुडघे आज आहेत उद्या नाहीत, नातीचं बालपण परत येत नाही, बंगळूरची हवा चांगली. हवेबद्दल बोलताना आम्ही दोघीही घामाने निथळत होतो. कुंदाताई काकडीला मीठ लावत ऐकत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, तो चहावाला काय म्हणाला होता?"

"सांगितलं की. सरळ."

"अक्का, शाळेत संस्कृत होतं आम्हाला. तो सारखा नीर नीर करत होता."

मग सांगावंच लागलं. "तो म्हणाला, उगाच जाताय, पाणी नाही. म्हणजे नदीला आहे, पण ते वरच्या अंगालाच कालव्याने वीजघराकडे वळवलंय. गावोगावचे दिवे लागायचे असतात ना. त्यातून उरलं तर धबधब्याला. आता काही उरत नाही. पाऊस भरपूर झाला की मग तिकडचं भागून इकडेही येतं. तेव्हा या, म्हणाला, डोळ्यांचं पारणं फिटेल."

कुंदाताई हसल्या. आधी तोंडातल्या तोंडात, मग इराला जाग येईल म्हणून पदर तोंडात कोंबून. "आणि तुम्ही गप्प बसलात!"

"मला कुणी विचारलं नाही."

त्यांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी समोरच्या कोरड्या खडकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी विचारते आता. खरं सांगा. राहू का मी इथे?"

अय्यो, काय प्रसंग होता! 'राहा' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. राहा म्हटलं असतं तर त्या राहिल्या असत्या, मला खात्री आहे. दुपारचा चहा राहिला असता, घेवडा राहिला असता, उरलेलं सगळं आयुष्य मला मराठीत भांडायला कुणीतरी राहिलं असतं.

"तुमची स्कूटर कोण चालू करतं हल्ली?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"शेजारचे करतात. अधूनमधून." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "परवा म्हणाले, बॅटरी बसली. मैत्रिणींनी आता टेकडीवर बोलवायचे फोनही सोडले. त्यांना वाटतं, मी राहिलेच इथे."

"मग जा," मी म्हटलं. "मला तुम्ही इतक्या हव्या आहात की कुणी विचारलं नसतं तर मी खोटंच बोलले असते. पण विचारलंत. जा कुंदाताई."

त्यांनी माझा हात धरला. तिखटमिठाने माखलेला हात होता, त्यामुळे डोळे दोघींनाही पुसता आले नाहीत.

परत मद्दूर

येताना पुन्हा वडे खायला थांबलो, यावेळी ऋचानेही खाल्ला. कुंदाताईंनी कॉफीचा पेला रिकामा केला आणि इराला उचलून ऋचाच्या मांडीवर ठेवलं.

"केदार, फ्लॅट विकायचा नाही. मी येत्या आठवड्यात पुण्याला जाते. पावसाळ्यात येईन, भरपूर पाणी असेल तेव्हा. पाहुणी म्हणून."

"अगं पण आई, इराचं..."

"इराला आई आहे, बाप आहे. तिचं भागेल."

केदारने माझ्याकडे असं पाहिलं की जणू माकडाला डबा मीच दिला. "अक्का, तुम्ही बोललात ना आईशी?"

"बोलले," मी म्हटलं. "तू सांगितलंस तेही बोलले, आणि त्यांनी विचारलं तेही."

इरा मात्र घरी येईपर्यंत गाडीत ऋचाच्या मांडीवर तिचं कानातलं ओढत खिदळत होती.

कुंदाताई गेल्या. स्कूटरला नवी बॅटरी बसली. दुपारी इकडे माझा चहा उकळायला लागतो तेव्हा त्यांचा फोन येतो आणि त्या माझ्या मराठीला हसतात. मी घेवडा एकटीच निवडते. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू.

मागच्या सोमवारी केदार खाली आला. पुन्हा सोफ्याच्या कडेवर. हातात पुण्याच्या चिवड्याचं पाकीट.

"अक्का, तुम्ही दुपारी घरीच असता ना? म्हणजे, इराला तुमची सवय आहेच. थोडे दिवस तिला इथे..."

मी उत्तर दिलं, कन्नडमध्ये. शांतपणे आणि सविस्तर. त्यात त्याच्या आईचे गुडघे आले, ती भिकार टोपी आली, माझ्या सुनेलाही मी एवढी सवड कधी दिली नाही हे आलं, आणि शेवटी कावेरी आली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"म्हणजे?"

"नाही."

"एवढं लांब बोललात, आणि अर्थ एवढाच?"

"एवढाच विचारला होतास," मी म्हटलं आणि चिवड्याचं पाकीट ठेवून घेतलं.